गुत्तीचा निळा कोळी आणि पाळणाऱ्यांची जबाबदारी

आंध्र प्रदेशातील गुत्ती हे गाव मराठी वाचकांना मुरारराव घोरपडे यांच्या किल्ल्यामुळे ठाऊक असले, तरी युरोप-अमेरिकेतील कोळी पाळणाऱ्यांमध्ये ते एका निळ्या कोळ्यामुळे प्रसिद्ध आहे. ‘पोइसिलोथेरिया मेटॅलिका’ असे शास्त्रीय नाव असलेल्या या कोळ्याचे वर्णन ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड इनेस पोकॉक यांनी १८९९ मध्ये, गुत्ती येथील रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एकमेव नमुन्यावरून केले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे तो अभ्यासकांच्या नजरेस पडला नाही, आणि २००१ मध्ये तो पुन्हा आढळला तो गुत्तीपासून जवळपास १०० किलोमीटर दूर, नंद्याळ व गिद्दलूर यांच्या दरम्यानच्या पानझडी जंगलात. लाकडाच्या ओंडक्यांबरोबर तो आगगाडीने गुत्तीला पोहोचला असावा, असे त्यामुळे मानले जाते.

टॅरंटुला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या, केसाळ कोळ्यांच्या कुळात त्याची गणना होते. जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांपैकी बहुतेक सर्व विषारी आहेत. मात्र भक्ष्य लुळे पाडण्यासाठी असलेले हे विष माणसाला गंभीर इजा करू शकेल, अशा जाती फार थोड्या आहेत. ब्रिटनमध्ये १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्यानुसार ‘ब्लॅक विडो’ किंवा सिडनीचा ‘फनेल-वेब’ यांसारखे कोळी बाळगण्यासाठी परवाना लागतो, तर टॅरंटुला त्या यादीत नाहीत. अमेरिका खंडांतील अनेक टॅरंटुला संकटात सापडले की पोटावरचे खाजरे केस झाडून शत्रूला पळवून लावतात. भारत आणि श्रीलंकेत आढळणाऱ्या पोइसिलोथेरिया प्रजातीकडे हे साधन नाही, परंतु तिची चपळाई विलक्षण असते आणि तिच्या दंशाने तीव्र वेदना व स्नायूंत गोळे येतात. या विषावर प्रतिविष उपलब्ध नसल्याने लक्षणांनुसारच उपचार करावे लागतात, म्हणून जाणकार या कोळ्याला हात लावत नाहीत. पेटीतील सर्व कामे ते लांब चिमट्याने करतात.

झाडाच्या ढोलीत राहणाऱ्या या प्राण्यासाठी पेटी रुंदीपेक्षा उंचीला जास्त ठेवतात, तिच्यात सालीचा पोकळ तुकडा उभा करतात, हवा खेळती राहील अशी छिद्रे पाडतात आणि पाण्याची लहान वाटी ठेवून झुरळे किंवा रातकिडे खाऊ घालतात. पाळणाऱ्याच्या संयमाची खरी कसोटी कात टाकण्याच्या वेळी लागते. कोळ्याचे कठीण बाह्यकवच वाढत नसल्यामुळे वाढीसाठी त्याला ते वेळोवेळी टाकावे लागते. अन्न सोडून दिलेला कोळी बहुधा पाठीवर पडतो, छातीवरचे कवच झाकणासारखे उघडते आणि त्यातून एकेक पाय हळूहळू ओढून काढला जातो. त्या वेळी नव्या विषदंतांचा रंग पांढरट असतो आणि ते इतके मऊ असतात, की पेटीत राहिलेला रातकिडादेखील कोळ्याला जखमी करू शकतो. टाकलेली कात भिंगाखाली पाहिली, तर मादीच्या शुक्रपिशवीचे अस्तर त्यात दिसते आणि नर-मादी ओळखता येतात.

हेच अस्तर पैदाशीचे वेळापत्रकही ठरवते. मीलनानंतर मादीने कात टाकली, तर साठवलेले शुक्रही कातीबरोबर जाते, त्यामुळे तिने नुकतीच कात टाकलेली असताना जोडी जमवणे हिताचे ठरते. प्रौढ नर प्रथम लहानसे जाळे विणून त्यावर शुक्रथेंब सोडतो, तोंडाजवळच्या स्पर्शपादांच्या टोकांवरील फुगीर अवयवांत तो भरून घेतो आणि मग पाय थरथरवून मादीला आपली चाहूल देतो. प्रतिसाद मिळाला तरच पुढे जाणे त्याला सुरक्षित असते. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मादी रेशमी पिशवीत अंडी घालून तिची राखण करते, पण वारंवार त्रास दिल्यास ती अंडी खाऊनही टाकते. मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते, तर नर प्रौढ झाल्यावर बहुधा वर्षभरातच मरतो.

पाळणाऱ्यांनी मिळवलेले हे ज्ञान मोलाचे आहे, आणि पेटीत जन्मलेले पिल्लू सहज उपलब्ध असले, तर जंगलातला कोळी पकडण्याची गरज कमी होते, हेही खरे. परंतु पेट्यांमध्ये निळे कोळी वाढले म्हणून ते जंगलात वाढले असे होत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २००८ मध्ये ही जाती अतिसंकटग्रस्त ठरवली. तिचे ज्ञात वसतिस्थान १०० चौरस किलोमीटरहून कमी असून वृक्षतोड व सरपणासाठीची तोड यांमुळे ढोली असलेली जुनी झाडेच नाहीशी होत आहेत. मोजक्या पूर्वजांपासून वाढवलेली, मूळ ठिकाणाची नोंद नसलेली पिल्ले पुन्हा जंगलात सोडणेही उचित नाही.

२०१९ मध्ये पोइसिलोथेरिया ही संपूर्ण प्रजाती वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘साइटिस’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली, म्हणजे तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीने या करारातील प्राण्यांची दखल घेतली, आणि २०२४ च्या नियमांनुसार असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर त्यांची, तसेच त्यांच्या पिल्लांची नोंदणी करण्याचे बंधन आले. याच प्रजातीचा ‘पोइसिलोथेरिया रेगॅलिस’ पश्चिम घाटातही राहतो, त्यामुळे हा विषय महाराष्ट्रालाही परका नाही. झाडाच्या ढोलीत दिसलेला कोळी तिथेच राहू देणे आणि पाळायचाच असेल तर ज्याच्या जन्माची व आईबापांची कायदेशीर नोंद आहे असाच प्राणी घेणे, ही या छंदाची किमान अट आहे. ती न पाळता केलेली पैदास कितीही कौशल्याची असली, तरी तिला संवर्धन म्हणता येणार नाही.