हापशाचं पाणी चवीला मस्त होतं!

कोणाच्याही घरी गेलं की आधी पाणी येतं. आपल्याकडे नुसतं येतं, बंगालमध्ये सोबत बशीत संदेशही येतो. मे महिन्यातल्या त्या घामट दुपारी, उत्तर चोवीस परगण्यातल्या एका गावात, मी तो गारेगार ग्लास एका दमात संपवला. वर आणखी मागितला. काकीमांनी दुसरा ग्लास पुढे केला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या तळहाताकडे गेलं. ज्वारीच्या दाण्याएवढे कडक, पिवळट खडे. एक-दोन नाही, तळहातभर!

मी आपलं मनात म्हटलं, हापसा मारून मारून घट्टे पडले असतील. कारण हापसाच होता, पण दांडा नव्हे... पाणी.

काकीमा म्हणजे माझ्या रूममेटची काकू. रूममेट पुण्यात आयटीत. तिच्यासोबत ‘चल, माझं गाव दाखवते’ टाइप ट्रिपला गेले होते मी. तिच्या सॅकमध्ये मात्र साड्यांच्या खाली एक पाणी तपासायचं किट होतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. चुलतबहिणीच्या पाठीवर आणि छातीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके दिसायला लागले होते. पोरगी बावीस वर्षांची, घरात स्थळं बघायला सुरुवात झालेली, आणि ती भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचं घालून बसलेली. काकीमांना पोरीच्या तब्येतीपेक्षा लग्नाचं टेन्शन जास्त होतं. हसू नका, तिकडे अशा ठिपक्यांवरून ठरलेली लग्नं मोडतात.

या ठिपक्यांमागचं नाव आर्सेनिक. वास नाही, चव नाही, रंग नाही. म्हणून तर मी दुसरा ग्लास मागितला!

गंमत म्हणजे (गंमत कसली!) हे कोणा कारखान्याने सोडलेलं विष नाही. हिमालयातून नद्यांनी हजारो वर्षं वाहून आणलेल्या गाळात लोहाच्या कणांना चिकटून ते गुपचूप पडून होतं. जमिनीखाली प्राणवायू संपला की तिथले जिवाणू गाळातला सेंद्रिय कचरा खाताना ते लोह विरघळवतात, आणि आर्सेनिक सुटून पाण्यात उतरतं. जुन्या उघड्या विहिरींत हवा खेळती असते, त्यामुळे हा त्रास बहुधा कमी. पण तळ्या-विहिरींच्या पाण्याने कॉलरा आणि जुलाब होत होते, म्हणून बंगालच्या दोन्ही बाजूंना लोकांना नळकूप खणायला सांगितलं गेलं. बांगलादेशात १९७०च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हापशांची लाटच आली. पुढे ज्याच्याकडे चार पैसे आले त्याने अंगणात स्वतःचा हापसा ठोकला. हेतू एकदम चांगला, आणि जुलाबांपासून सुटकाही झाली. आर्सेनिक कुणी तपासलंच नाही.

१९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे असे ठिपकेवाले पेशंट येऊ लागले आणि माग थेट पाण्यापर्यंत पोचला. मग जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगाव बाटल्या भरत हिंडले, ते २०१८ मध्ये जाईपर्यंत हाच विषय लावून धरला. बांगलादेशात १९९३ मध्ये पहिल्यांदा सापडलं. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेतल्या लेखात त्याला इतिहासातली सगळ्यात मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं गेलं.

उकळून प्यायचं मग? चूक! उकळल्याने पाणी आटतं, आर्सेनिक तिथेच राहतं. क्लोरीनचा उपयोग नाही, नुसत्या यूव्ही प्युरिफायरचाही नाही. आणि शरीर हिशेब सांगायला पाच-दहा-पंधरा वर्षं घेतं. आधी ठिपके, मग खडे, पुढे त्वचा, फुप्फुस किंवा मूत्राशयाचा कॅन्सर. चिलीतल्या अँतोफागास्ता शहराने १९५८ ते १९७० असं पाणी प्यायलं. शुद्धीकरण सुरू झाल्यावरही पुढची कित्येक दशकं तिथे कॅन्सरने माणसं जात राहिली. औषध? खरं औषध एकच, ते पाणी बंद.

संध्याकाळी अंगणात रूममेटने बाटलीत पाणी घेतलं, पुड्या टाकल्या, झाकणात कागदाची पट्टी अडकवली. वीसेक मिनिटं. पांढरी पट्टी पिवळी, मग विटकरी. मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. पट्टीचा रंग चार्टवर ५० आणि १०० च्या मध्ये कुठेतरी. काका पट्टीकडे न बघता म्हणाले, “माझ्या बाबांनी खणलेला हापसा आहे हा. तीस वर्षं पितोय आम्ही.” यावर काय बोलणार?

शेजारच्या अंगणातला हापसा तपासला तर पट्टी जवळजवळ पांढरी! हे या गाळाचं वैशिष्ट्यच. पन्नास पावलांवर पाणी बदलतं, म्हणून प्रत्येक हापसा वेगळा तपासावा लागतो, आणि स्वतःच्या अंगणातला असेल तर ते बहुतेक वेळा आपल्यालाच करावं लागतं. प्रॉब्लेम एकच. शेजाऱ्यांशी एका नारळाच्या झाडावरून आठ वर्षं बोलणं बंद. “विष पिईन, पण त्याचं पाणी नाही,” असं काकांनी चक्क म्हटलं. पुढच्या खोलीत चुलतबहीण ऐकत होती.

(आपल्या दख्खनच्या काळ्या खडकात हा प्रश्न सहसा नाही, पण बोअरवेलवाल्यांनी लगेच सुटकेचा श्वास सोडू नका. यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडने दात आणि हाडं खाल्ली आहेत. मी आल्या आल्या आमच्या सोसायटीच्या बोअरचं पाणी लॅबमध्ये दिलं. सेक्रेटरीकाकांनी ‘कशाला खर्च’ म्हणून पाहिलं, पण सही केली.)

परवा रूममेटला घरून फोन आला. चुलतबहीण सकाळ-संध्याकाळ दोन कळशा शेजारून आणते, मागच्या दाराने. आंघोळ आणि भांडी अजून घरच्याच हापशावर, त्याला हरकत नाही; कातडीतून ते फारसं आत जात नाही. पिण्याचं आणि भाताचं पाणी तेवढं वेगळं. काकांना कुणी सांगितलेलं नाही.

“पण कळलं असेलच ना त्यांना?” मी विचारलं.

“कळलंय,” ती म्हणाली. “काल चहा पिताना म्हणाले, हल्ली चहाचा रंग चांगला येतो.”