चर्चच्या फरशीवरचं पंचांग

आम्हा वसईकर ख्रिस्ती माणसांना नाताळची तारीख कोणी विचारत नाही. ईस्टरची मात्र दरवर्षी विचारतात. 2024 साली तो 31 मार्चला आला, 2025 साली 20 एप्रिलला. मी शाळेत भूगोल शिकवायचो तेव्हा मुलं हमखास विचारायची, "सर, येशू दरवर्षी वेगळ्या तारखेला कसा उठतो?" उत्तर धर्मग्रंथापेक्षा आकाशात जास्त आहे, म्हणून तो प्रश्न मला फार आवडायचा.

नियम असा: 21 मार्च हा वसंतसंपात, म्हणजे दिवस-रात्र समान असण्याचा दिवस, धरायचा. त्या दिवशी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार म्हणजे ईस्टर. त्याच्या आधी 46 दिवस राखेचा बुधवार, आठवडाभर आधी झावळ्यांचा रविवार. उपवासकाळापासून पेन्टेकॉस्टपर्यंतचे सगळे दिवस या एका रविवारावर टांगलेले. संपात चुकला की सगळंच चुकलं.

आणि तो चुकत होताच. जुन्या ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे 11 मिनिटांनी मोठं. सोळाव्या शतकापर्यंत खरा संपात 11 मार्चच्या आसपास येऊन ठेपला होता. (आपली मकरसंक्रांतही सूर्य खरोखर उत्तरेकडे वळल्यानंतर तीनेक आठवड्यांनी येते, तिथलं कारण मात्र वेगळं, संपातचलनाचं.) ही चूक सुधारण्यासाठी 1582 साली तेराव्या ग्रेगरी पोपनी 4 ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी 15 ऑक्टोबर आणला. हे पोप मूळचे इटलीतल्या बोलोन्या शहराचे. नव्या कॅलेंडरची खरी परीक्षाही पुढे त्याच शहरात, सान पेत्रोनिओ चर्चच्या फरशीवर झाली.

तिथे एन्यात्सिओ दान्ती या धर्मगुरूने 1575 च्या सुमारास सूर्याचा वेध घेण्यासाठी एक रेषा आखली होती. चर्च वाढवताना ती निकामी झाली. मग 1655 साली जोव्हान्नी दोमेनिको कासिनी या खगोलशास्त्रज्ञाने नवी आखली. तेव्हा तो जेमतेम तिशीचा होता. छताला 27.07 मीटर उंचीवर एक छोटं भोक आणि खाली बरोबर दक्षिणोत्तर, जवळजवळ 67 मीटर लांब रेषा. खांबांच्या रांगेतून ती कशीबशी निसटते. खांब हलवता येत नव्हते, दिशा बदलता येत नव्हती. मला या आखणीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

अंधाऱ्या चर्चमध्ये भोकातून उन्हाचा कवडसा पडतो, डोळ्यांदेखत सरकत येतो आणि माध्यान्हीला रेषा ओलांडतो. 21 जूनला तो भोकाखालच्या बिंदूपासून साधारण 10 मीटरवर असतो, जेवणाच्या ताटाएवढा. डिसेंबरात सूर्य खाली उतरतो तसा रेषेच्या पार टोकाला जातो आणि माझ्या हिशेबाने पावणेदोन मीटरहून लांब होतो. मधल्या संपाताच्या खुणेवर तो कधी येतो ते वर्षानुवर्षं टिपायचं, म्हणजे वर्षाची खरी लांबी मिळते.

कासिनीने एवढ्यावर थांबायचं नाकारलं. हिवाळ्यात सूर्य जलद सरकताना दिसतो. तो फक्त जवळ असतो म्हणून, की खरोखरच वेग बदलतो? त्याने कवडशाचा व्यास मोजला. सूर्याच्या अंतरातला फरक वेग एकसारखाच मानणाऱ्या जुन्या सिद्धान्ताला हवा होता त्याच्या सुमारे निम्माच निघाला. म्हणजे वेग खरोखर बदलतो, खगोलशास्त्रज्ञ केप्लर म्हणत होता तसाच. गॅलिलिओला 1633 साली चर्चने शिक्षा केली, त्यानंतर अवघ्या बावीस वर्षांनी हे चर्चच्याच फरशीवर दिसलं. चर्च आणि विज्ञान म्हटलं की आपल्याला फक्त गॅलिलिओ आठवतो, हे मला अन्यायाचं वाटतं. सणाचा दिवस चुकू नये या तळमळीतून त्या काळातली उत्तमोत्तम सौरवेधशाळा उभी राहिली.

आज दिसणारी पट्टी 1776 सालच्या दुरुस्तीतली आहे. बोलोन्याला गेलात तर ऊन असलेला दिवस निवडा. तिथली माध्यान्ह उन्हाळ्यात घड्याळाच्या सव्वाएकला होते, डिसेंबरात सव्वाबाराला. पंधरा मिनिटं आधी डाव्या बाजूच्या खांबांजवळ जाऊन उभे राहा.