बंदर ज्याचं, पेपर त्याचा

फेब्रुवारी २०२५मध्ये मोदी आणि मॅक्रॉन मार्सेलिसमध्ये होते. आपल्याकडे सावरकरांच्या उडीचं स्मरण आणि नव्या वाणिज्य दूतावासाचं उद्घाटन गाजलं, ते साहजिकच. त्याच फेरीत दोघे सीएमए सीजीएम या जहाज कंपनीच्या नियंत्रण कक्षातही जाऊन आले, ती ओळ मात्र बातमीच्या तळाशी राहिली. न्हावा शेव्यात या कंपनीचे कंटेनर रोजचेच. पण मार्सेलिसकर सकाळी चहा-कॉफीबरोबर जो पेपर उघडतात, तो ‘ला प्रोव्हान्स’ही तिचाच आहे.

या पेपरचा खरा नायक म्हणाल तर गास्तों देफेर. ऑगस्ट १९४४मध्ये शहर जर्मनांच्या तावडीतून सुटलं. नाझी अमलात छापत राहिलेली वर्तमानपत्रं बंद करून त्यांचे छापखाने प्रतिकार चळवळीतल्या मंडळींकडे सोपवले जात होते. समाजवादी वकील देफेर यांनी ‘ल पती प्रोव्हांसाल’ची कचेरी ताब्यात घेतली आणि तिथून ‘ल प्रोव्हांसाल’ निघू लागला. पुढे १९५३पासून १९८६मध्ये मरेपर्यंत ते शहराचे महापौर होते. म्हणजे महापालिका त्यांची, आणि महापालिकेवर लिहिणारा पेपरही त्यांचाच. भानगडी शोधायच्या कुणी?

गडी रगेल. १९६७ साली संसदेत सत्ताधारी पक्षाच्या एका खासदाराला त्यांनी मूर्ख म्हटलं आणि माफी मागायला नकार दिला. प्रकरण तलवारींवर गेलं. खासदार रने रिबिएर दोनदा जखमी झाले, तेव्हा कुठे द्वंद्व थांबलं. फ्रान्समधलं ते शेवटचं द्वंद्व मानतात. त्याचं चित्रीकरणही आहे. १९७१मध्ये याच देफेरनी शहरातला उजव्या विचारांचा ‘ल मेरिदियोनाल’ विकत घेतला. डाव्यांना डावा अग्रलेख, उजव्यांना उजवा, आणि दोन्हींचा गल्ला एकाच घरात! १९९७मध्ये दोन्ही पेपर एक करून ‘ला प्रोव्हान्स’ झाला, तेव्हा वाचकांना फार धक्का बसला नसावा.

देफेरनंतर पेपर अशेत समूहाकडे गेला, मग एर्सां समूहाकडे. २०१३पासून तो बेर्नार तापी यांचा. उद्योगपती, माजी मंत्री, मार्सेलिसच्या फुटबॉल क्लबला १९९३मध्ये युरोपचं विजेतेपद मिळवून देणारे आणि सामना विकत घेतल्याबद्दल तुरुंगात गेलेले तापी! त्यांचा समूह दिवाळखोरीत निघाला, २०२१मध्ये ते वारले आणि पेपर लिलावात आला.

दूरसंचारवाले झाव्हिए नील यांची बोली २ कोटी युरोंची. सीएमए सीजीएमच्या रोदोल्फ सादेंची ८९ टक्क्यांसाठी ८ कोटी १० लाखांची. कोर्टकज्जे होऊन २०२२मध्ये सादे जिंकले. त्या वर्षी कंपनीचा नफा होता जवळजवळ २५ अब्ज डॉलर. पेपर पडला दीड दिवसाच्या कमाईहूनही कमी भावात. एवढे पैसे कुणी बातम्यांच्या धंद्यातल्या नफ्यासाठी मोजत नाही, हे कळायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. २०२४मध्ये बीएफएम ही वृत्तवाहिनीही सादेंनी घेतली.

मार्च २०२४मध्ये मॅक्रॉन अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेसाठी शहरातल्या ला कास्तेलान वस्तीत येऊन गेले. झिदान लहानाचा मोठा झाला ती वस्ती. ‘ला प्रोव्हान्स’नं पहिल्या पानावर मथळा दिला: ते गेले, आम्ही मात्र इथेच आहोत. शब्द एका रहिवाशाचे होते. पण मथळा ड्रगवाल्यांच्या तोंडचा वाटतो, असं म्हणत व्यवस्थापनानं संपादकीय प्रमुख ऑरेलियां व्हिएर यांना निलंबित केलं. वार्ताहर संपावर गेले, सादेंच्याच ‘ला त्रिब्यून’मधले सहकारीही उठले आणि काही दिवसांत व्हिएर परत खुर्चीत बसले. पत्रकारांची ही जीत मला मोठी वाटते, पण पुढचा मथळा लिहिताना कुणाचा हात अडखळला, हे बाहेर कुणाला दिसणार?

पॅरिसच्या पश्चिमेला, रेन शहरात, देशातला सर्वाधिक खपाचा दैनिक पेपर ‘वेस्त-फ्रान्स’ निघतो. तोही १९४४चाच. कुणा धनिकानं गिळू नये म्हणून १९९०मध्ये त्याची मालकी एका ना-नफा संस्थेकडे सोपवली गेली. विकायला मालकच नाही. अशा संस्थांचा कायदा फ्रान्समध्ये १९०१पासून आहे. मार्सेलिसमध्येही तो लागू होता. देफेरना ती वाट कुणी बंद केलेली नव्हती.