सौंदर्यलक्षी दंतचिकित्सेतील समाधानाचे मापन

दातांची वाकडी ठेवण दंतवैद्याला मोजपट्टीने मोजता येते. स्वतःच्या चेहऱ्याविषयीचे रुग्णाचे समाधान मात्र रुग्णालाच विचारावे लागते. ‘फेस-क्यू’ या प्रश्नावलीसंचातील चेहऱ्याच्या एकंदर रूपाविषयीची श्रेणी याच हेतूने रचलेली आहे. तीत १० प्रश्न असून प्रत्येकास ‘अतिशय असमाधानी’पासून ‘अतिशय समाधानी’पर्यंत ४ पर्याय असतात. या पर्यायांना क्रम आहे. परंतु लगतच्या दोन पर्यायांतील अंतर सर्वत्र सारखेच असते, असे गृहीत धरता येत नाही. म्हणून डॅनिश गणितज्ञ गेओर्ग राश यांनी १९६० साली ग्रंथरूपाने मांडलेल्या प्रतिमानाच्या आधारे उत्तरांच्या बेरजेचे ० ते १०० या मापात रूपांतर केले जाते. अंक जितका मोठा, तितके समाधान अधिक.

हे मापन उपचारापूर्वी व उपचारानंतर अशा दोन्ही वेळी व्हावयास हवे. केवळ नंतरच्या अंकावरून उपचाराचे फळ ठरविता येत नाही. पूर्वमापनाचे महत्त्व त्याहूनही मोठे आहे. कवच बसविण्यासाठी घासलेले दंतवल्क पुन्हा वाढत नाही. दात निर्दोष असूनही अंक फारच कमी आला, तर असमाधानाचे मूळ दातांत आहे की मनात, याचा शोध प्रथम घेतला पाहिजे. प्रश्नावली म्हणजे निदान नव्हे. तथापि दंतवैद्याचा हात वेळीच थांबविण्यास ती उपयोगी पडते.