गावाने काय ऐकले, हे झिजलेल्या तबकडीला विचारावे

जुन्या ग्रामोफोन तबकड्यांच्या बाजारात कोऱ्या, चकचकीत तबकडीला भाव असतो आणि झिजून करडी पडलेली तबकडी मातीमोल ठरते. बाळापूरसारख्या कसब्यातला एखादा जुना वाडा उतरवला जातो, माळ्यावरची पेटी खाली येते, आणि जुन्या वस्तूंचा व्यापारी एकेक तबकडी उजेडात तिरपी धरून पाहतो. बालगंधर्वांचे किंवा मास्टर दीनानाथांचे नाव आणि त्यावर चकाकी असेल तर ती बाजूला निघते. उरलेला गठ्ठा भंगारात. गाणे चांगले ऐकू यावे एवढाच हेतू असेल तर ही निवड अगदी योग्य आहे. पण या गावाने शंभर वर्षांपूर्वी, ऐंशी वर्षांपूर्वी काय ऐकले, हे जाणून घ्यायचे असेल तर निवड नेमकी उलटी व्हायला हवी. कोरी तबकडी फार तर विकत घेतली गेल्याचे सांगते, झिजलेली ऐकली गेल्याचे सांगते. म्हणून संग्राहकाचे खरे काम दुर्मीळ तबकडी मिळवण्याचे नसून अख्खी पेटी वाचण्याचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

कंपन्यांनी काय छापले, हे आता बऱ्यापैकी माहीत झाले आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचा आवाज मेणावर घेतला. पहिली काही वर्षे आपल्याकडच्या गाण्यांच्या तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापून बोटीने परत येत. 1908 मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कारखाना सुरू झाला. तबकडीचा मुख्य घटक लाख. ती छोटा नागपूरच्या जंगलात होते, आपल्या गोंदियाकडेही होते. म्हणजे इथलीच लाख इथलेच गाणे घेऊन परदेशातून परत येत होती. या सगळ्या छपाईच्या याद्या मायकेल किनिअर यांच्यासारख्या अभ्यासकांनी मेहनतीने लावल्या. 1990 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने, आणि तिचे काम सांभाळणाऱ्या सुरेश चांदवणकरांनी, विखुरलेले संग्राहक एकत्र आणले. पण कंपनीची यादी फक्त विक्रीला काय काढले ते सांगते. ते अकोल्याच्या दुकानात पोचले का, तिथून बाळापूरच्या घरात गेले का, आणि गेल्यावर दोनदा वाजले की दोनशे वेळा, याचे उत्तर तिच्यात नाही.

बाळापूर हे या प्रश्नासाठी मुद्दाम निवडण्याजोगे गाव आहे. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरचा हा कसबा मुंबई–नागपूर रस्त्यावर अकोला आणि खामगाव यांच्यामध्ये वसला आहे. रेल्वे मात्र पारसवरून जाते. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने इथला किल्ला बांधायला घेतला आणि एलिचपूरच्या नवाबाने तो 1757 मध्ये पुरा केला. वऱ्हाड 1853 मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेला तरी नाममात्र सत्ता निजामाचीच राहिली. त्यामुळे उर्दूची ये-जा हैदराबादकडून, हिंदीची नागपूरकडून आणि संगीत नाटकांची पुण्या-मुंबईकडून अशी इथे कायमच होती. शिवाय वऱ्हाड नुसता ऐकणारा नव्हता, देणाराही होता. पारशी रंगभूमीच्या चाली मराठी नाटकात आणणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर जळगाव जामोदला वकिली करत. अमरावतीच्या वीर वामनराव जोशींच्या, 1927 साली रंगभूमीवर आलेल्या ‘रणदुंदुभी’तली पदे मास्टर दीनानाथांच्या आवाजात तबकडीवर आली. ‘संत तुकाराम’ या बोलपटाचे संगीतकार केशवराव भोळे जन्माने अमरावतीचे. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जी. एन. जोशींनी गायली, आणि मराठी भावगीताच्या तबकड्यांचा इतिहास बहुतेक जण तिथूनच मोजतात. वऱ्हाडातून मुंबईला गेलेले हे शब्द आणि सूर तबकडी होऊन वऱ्हाडात परत आले का, आणि आले तर कव्वालीच्या, ठुमरीच्या, सिनेमाच्या तबकड्यांसमोर त्यांचा निभाव कसा लागला? हे फक्त इथल्या पेट्या सांगू शकतात.

पेटी वाचण्याची रीत आहे, आणि ती सावकाशीची आहे. सर्वांत आधी तबकड्या ज्या क्रमाने निघतात त्या क्रमाने त्यांची नोंद करायची; सर्वांत वर राहिलेल्या बहुधा शेवटी हाताळलेल्या असतात. मग पाकिटे. कंपनीच्या कागदी पाकिटावर पुष्कळदा दुकानदाराचा रबरी शिक्का असतो, आणि त्यावरून माल कुठून घेतला ते कळते. लेबलाच्या कडेला शाईने घातलेला आकडा म्हणजे घरच्या वहीतला क्रमांक. असे आकडे सलग असतील तर मधल्या हरवलेल्या तबकड्यांचीही मोजदाद लागते. लेबलावर गायक, भाषा आणि विक्रीचा क्रमांक असतो. लेबल आणि खाचा यांच्या मधल्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला दुसरा क्रमांक मूळ मुद्रणाचा असतो, आणि गाणे केव्हा घेतले हे त्यावरून ठरवता येते. तबकडी एका बाजूची असेल तर ती साधारण 1908 च्या आधीची धरावी. शेवटी पृष्ठभाग. खाचा जिथे करड्या पडल्या आहेत तिथे पिन पुन्हा पुन्हा फिरली आहे. एक बाजू काळीभोर आणि दुसरी करडी असेल, तर विकत घेताना दोन गाणी मिळाली आणि घराने त्यातले एकच निवडले, हे उघड आहे.

वाजवणे हा याच वाचनाचा पुढचा भाग. धूळ आणि बुरशी काढायला थंड पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके पुरते. लेबल कोरडे ठेवायचे आणि तबकडी सावलीत वाळवायची. स्पिरिट मात्र कधीच लावायचे नाही. सुतार पॉलिशसाठी चपडी लाख ज्यात विरघळवतो, ते हेच. तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड असते. ती पिनेचे टोक घासून खाचेच्या मापाचे करते, म्हणून पोलादी पिन एका बाजूपुरतीच असते. वेगाचा प्रश्न याहून नाजूक आहे. तबकडीला सरसकट ‘अठ्ठ्याहत्तरची’ म्हणतात, पण 1925 नंतर विजेवरचे मुद्रण येईपर्यंत वेग सत्तरपासून ऐंशीच्या पुढेपर्यंत काहीही असे. मिनिटाला साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनी घेतलेले गाणे अठ्ठ्याहत्तरने वाजवले तर सूर अर्ध्या स्वराने चढतो. काळी दोनमधला गायक पांढरी तीनमध्ये गाऊ लागतो आणि आवाज विनाकारण पातळ होतो. साथीच्या हार्मोनियमची पट्टी कानाने लावून वेग त्या अंदाजाने कमी-जास्त करायचा, एवढाच यावर उपाय आहे. मराठी गायकांचे जुने आवाज ‘नाकातले’ होते, असे जे सर्रास म्हटले जाते, त्यातला काही दोष गळ्याचा नसून चुकीच्या वेगाचा आणि मुद्रणाच्या भोंग्याचा आहे.

यावर पहिला आक्षेप असा की झीज हा आवडीचा पुरावा होत नाही. पिना वाचवण्यासाठी बोथट पिनच पुन्हा लावली की थोड्याच वाजवण्यात तबकडी करडी पडते. शिवाय पेटी एका घरातून दुसऱ्या घरात गेलेली असू शकते. आक्षेप खरा आहे, म्हणूनच एका सुट्या तबकडीवरून काही सिद्ध करू नये. पण बोथट पिनेची सवय असलेले घर सगळ्याच तबकड्या सारख्या खराब करील. काही करड्या आणि काही काळ्या राहिल्या असतील तर तो फरक सवयीचा नसून निवडीचा आहे. म्हणजे पुरावा एका तबकडीत नसतो, ती ज्या संचात होती त्या संचात असतो, आणि पेटी फोडून विकली की तो कायमचा जातो. दुसरा आक्षेप सामाजिक आहे: फोनो परवडणारी घरे थोडी, तेव्हा ही गावाची आवड नसून कापसाच्या व्यापाऱ्याची, वकिलाची, इनामदाराची आवड झाली. खरेदीपुरते हे मान्य करावे लागेल. पण चावीचा फोनो ही खासगी ऐकण्याची वस्तू नव्हती. भोंग्याचा आवाज ओसरीवरून आळीत जाई, आणि कोणती तबकडी पुन्हा लावायची हे बसलेल्या मंडळींच्या फर्माइशीवर ठरे. विकत एकाने घेतली असली तरी ती झिजवण्यात अनेकांचा हात होता.

तिसरा आक्षेप आज सर्वांत जास्त ऐकू येतो: ही गाणी इंटरनेटवर आहेत, मग फुटक्या तबकड्या कशाला जपायच्या? गाणे तिथे आहे, हे बरोबर. पण जी प्रत सर्वांत स्वच्छ तीच तिथे चढवली जाते, पुष्कळदा चुकीच्या वेगाने, आणि ती कोणत्या घरातून आली हे लिहिलेले नसते. तीन मिनिटांचे गाणे मिळते, पण ते कोणी, कुठे, किती वेळा ऐकले हा त्याचा दुसरा अर्धा इतिहास गळून पडतो. राहिला वाजवल्याने तबकडी झिजते हा मुद्दा. जुन्या फोनोत पिन धरणाऱ्या साउंडबॉक्सचे वजन शंभर ग्रॅमहून अधिक असते, आजच्या विजेवरच्या हाताचे अवघे काही ग्रॅम. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची सुई लाँगप्ले तबकडीच्या सुईच्या सुमारे तिप्पट रुंद असते. ती बसवून प्रत्येक बाजू एकदा संगणकावर उतरवून घेतली की तबकडी विश्रांतीला ठेवता येते. मूळ भोंग्यातून ऐकण्याची हौस असेल तर ज्यांच्या प्रती विपुल आहेत अशाच तबकड्या, प्रत्येक बाजूला नवी पिन लावून वाजवाव्यात. न वाजवता कपाटात बंद ठेवणे हा जपण्याचा उपाय नव्हे. वऱ्हाडात तर मुळीच नव्हे, कारण इथला उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर लाख मऊ होऊन तबकड्या वाकतात. वाचायला उशीर झाला तर वाचण्यासारखे काही उरणार नाही.

म्हणून बाळापुरात, पातूरला, खामगावला किंवा अकोल्याच्या जुन्या शहरात ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे. ती विकायची तर जरूर विका, पण सुटी विकू नका. आणि विकण्याआधी एक वही घ्या. तबकड्यांचा क्रम, दोन्ही क्रमांक, दुकानाचा शिक्का, शाईचा आकडा, कोणती बाजू करडी आणि पेटी घरात कोणी आणली, या सहा गोष्टी त्यात उतरवा आणि प्रत्येक लेबलाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. तबकड्या पुढे कोणाच्याही संग्रहात गेल्या तरी त्या वहीमुळे गावाने काय ऐकले याचा पुरावा गावात राहील.