अनुवादित प्रोग्रामिंग आव्हानांच्या चाचण्यांचे परीक्षण

प्रोग्रामिंगच्या प्रश्नांची उत्तरे संगणकीय चाचण्यांद्वारे आपोआप तपासली जातात. प्रश्न एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आणल्यावर या चाचण्या योग्य निर्णय देतात की नाही हे पडताळून त्यांत सुधारणा करणे, याला अनुवादित प्रोग्रामिंग आव्हानांच्या चाचण्यांचे परीक्षण म्हणतात. अनुवाद निर्दोष असूनही चाचणी मूळ भाषेच्या गृहीतकांवर आधारलेली राहिल्यास विद्यार्थ्याचे बरोबर उत्तर चूक ठरू शकते.

पार्श्वभूमी

१९८९ मध्ये बल्गेरियात सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय माहितीशास्त्र ऑलिम्पियाडमध्ये संघप्रमुख प्रश्नांचा आपापल्या भाषेत अनुवाद करतात. चाचण्या मात्र सर्व देशांना समान असतात. तेथील प्रश्न बहुतांशी संख्यांवर आधारलेले असल्याने त्यात फारशी अडचण येत नाही. प्राथमिक सरावाच्या आव्हानांत मात्र अक्षरे मोजणे, शब्द उलटा करणे असे मजकुराशी निगडित प्रश्न पुष्कळ असतात.

मराठीतील अडचणी

अक्षरगणना: इंग्रजी शब्दातील अक्षरे, युनिकोड संकेतांक आणि यूटीएफ-८ पद्धतीतील बाइट यांची संख्या सामान्यतः सारखीच असते. मराठीत तसे नाही. जुन्नर तालुक्यातील अष्टविनायक क्षेत्र ‘लेण्याद्री’ याचे नाव घेतल्यास त्यात ले, ण्या, द्री ही ३ अक्षरे आहेत. व्याकरणदृष्ट्या वर्ण ८, युनिकोड संकेतांक १० आणि बाइट ३० होतात. पायथॉनमधील ‘लेन’ ही आज्ञा १० हे उत्तर देते. वाचकाला दिसणारे अक्षर मोजण्याचे युनिकोडचे नियमही बदलले आहेत. पूर्वीच्या नियमांनुसार हे नाव ५ घटकांत विभागले जाई. २०२३ मधील १५.१ आवृत्तीत जोडाक्षरे अखंड धरली गेल्याने ते ३ घटकांचे झाले.

विलोमपदे: ‘नवीन’ हा शब्द अक्षरशः उलटा वाचला तरी नवीनच राहतो. संकेतांक उलटे केल्यास मात्र ‘नीवन’ मिळते. ‘सरस’ दोन्ही रीतींनी विलोमपद ठरतो. म्हणून केवळ ‘सरस’ देणाऱ्या चाचणीत सदोष प्रोग्रामही उत्तीर्ण होतो. ‘चिमा काय कामाची’ या परिचित वाक्यात ऱ्हस्व ‘चि’ व दीर्घ ‘ची’ समान मानायचे का, हे प्रश्नातच सांगावे लागते.

ऱ हे अक्षर: ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे भिन्न अर्थांचे शब्द आहेत. ‘ऱ’ एकाच संकेतांकाने किंवा ‘र’ व नुक्ता अशा दोन संकेतांकांनी लिहिता येतो. दिसायला सारखे असलेले हे शब्द संगणकाला वेगळे वाटतात. तुलनेपूर्वी दोन्ही एका रूपात आणणे हा त्यावरील उपाय आहे. नुक्ता काढून टाकल्यास दऱ्यांचा समुद्र होतो.

अंक: पायथॉन ‘२०’ या देवनागरी मजकुराचे थेट संख्येत रूपांतर करते, जावास्क्रिप्ट तसे करत नाही. त्यामुळे अनुवादात अंक बदलल्यास चाचणीतील आदानही तपासावे लागते.

परीक्षणाची पद्धत

परीक्षकाने मूळ प्रश्न बाजूला ठेवून केवळ मराठी निवेदनावरून उत्तर लिहावे आणि ते चाचण्यांवर चालवावे. ते नापास झाल्यास निवेदन अपुरे आहे की चाचणी सदोष आहे, हे ठरवता येते. त्यानंतर हेतुपुरस्सर चुकीची उत्तरे देऊन चाचणी ती पकडते का, हे पाहावे. मात्रा, जोडाक्षर, रफार, अनुस्वार आणि रिकामा मजकूर यांसाठी स्वतंत्र चाचण्या असाव्यात. ‘अक्षर’ म्हणजे नेमके काय, याची व्याख्या निवेदनातच द्यावी.

अपयशाचा संदेशही चाचणीचाच भाग असतो. ‘अपेक्षित ३, मिळाले १०’ असा मराठी संदेश विद्यार्थ्याला चुकीचे स्वरूप दाखवतो. नुसते ‘चूक’ त्याला काहीच सांगत नाही. एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याजवळ शंका विचारण्यास शिक्षक नसल्याने, सदोष चाचणीचा दोष तो स्वतःकडे घेण्याची शक्यता असते.