आधीचा रिपोर्ट आहे का?

फ्रान्समधल्या लूर्द या तीर्थक्षेत्री जाऊन बरं झाल्याचं कुणी सांगायला आलं की तिथल्या वैद्यकीय कार्यालयात पहिली चौकशी कागदांची होते. आजाराचं निदान कुणी केलं, कशावरून केलं, एमआरआय कुठे आहे, त्या दिवशी कुठल्या गोळ्या चालू होत्या? देवाचं नाव बराच वेळ निघतच नाही.

वसईहून निघालेल्या यात्रेत मी डॉक्टर म्हणून होतो. ज्येष्ठ मंडळींचं बीपी, साखर, लांबच्या विमानप्रवासात सुजलेले पाय, एवढंच माझं काम. पण यात्रेला आलेला कुठलाही डॉक्टर त्या कार्यालयात नाव नोंदवू शकतो, हे फादरांनी वाटेतच सांगितलं होतं. तो कॅथलिक असलाच पाहिजे असं नाही, देव मानणारा असावा असंही नाही. कुणी नोंद करायला आलं की गावात हजर असलेल्या डॉक्टरांना निरोप जातो आणि त्यांनी हवे ते प्रश्न विचारावेत अशी अपेक्षा असते.

मी बसलो त्या दुपारी एक मध्यमवयीन बाई आल्या. वर्षानुवर्षांचं पाठीचं दुखणं, पायापर्यंत जाणारी कळ. झऱ्याचं पाणी घेतलं आणि रात्रीत सगळं थांबलं. त्या फार सुंदर सांगत होत्या. दुभाषी मुलगी त्यांचं बोलणं फ्रेंचमध्ये आणता आणता स्वतःच गहिवरली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मात्र ओपीडीतला नेहमीचा भाव. एकाने विचारलं, फिजिओथेरपी कधी बंद केली? दुसऱ्याने विचारलं, मधल्या काळात आपोआप उतार पडला होता का, किती दिवस टिकला? बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, हो, एकदा पडला होता. पेन थांबले नाहीत, पण खोलीतली हवा बदलल्याचं मला जाणवलं. जुने स्कॅन पाठवा, तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा, पुढच्या वर्षी पुन्हा या, असं सांगून त्यांना निरोप दिला. बाईंना याचं काहीच वाटलं नाही. सगळ्यांशी हस्तांदोलन करून त्या मेणबत्त्या घ्यायला गेल्या.

हे कार्यालय १८८३ पासून चालू आहे. आजवर सात हजारांहून अधिक लोकांनी आपण बरे झाल्याची नोंद तिथे केली. त्यातले चमत्कार म्हणून मान्य झाले फक्त ७२. चाळण अठराव्या शतकातली आहे, प्रॉस्पेरो लाम्बेर्तिनी या कार्डिनलांनी घालून दिलेली. हेच पुढे चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले. आजार गंभीर हवा, पण स्वतःहून ओसरण्याच्या टप्प्यावर आलेला नको. औषधाने गुण आलेला नसावा. बरं होणं अचानक हवं, पूर्ण हवं आणि टिकायला हवं. कॅन्सरसारख्या आजारात तर वर्षानुवर्षं वाट पाहतात. यातली औषधाची अट आज सगळ्यात अवघड झाली आहे. १८८३ साली क्षयरोग्याला देण्यासारखं फारसं काही नव्हतंच. आता हाती एकही प्रिस्क्रिप्शन नसलेला रुग्ण शोधून सापडत नाही. मग गुण गोळीचा नाही हे दाखवायचं कसं?

सगळ्या पायऱ्या चढून गेलेली फाइल आंतरराष्ट्रीय वैद्यकीय समितीपुढे जाते. ही समितीही चमत्कार म्हणत नाही. आजच्या वैद्यकीय ज्ञानाने याचं स्पष्टीकरण देता येत नाही, एवढं लिहून डॉक्टर थांबतात. पुढचं वाक्य उच्चारायचं की नाही हे त्या रुग्णाच्या गावचे बिशप ठरवतात, लूर्दचे नव्हेत. बर्नाडेट मोरियो या फ्रेंच सिस्टरांचंच पाहा. मणक्याच्या खालच्या नसा दबलेल्या, मॉर्फिन चालू, पायाला आधाराची पट्टी. जुलै २००८ मध्ये लूर्दहून मठात परतल्यावर त्यांनी हे सगळं एका दिवसात काढून ठेवलं. समितीचं मत यायला २०१६ उजाडलं आणि बोव्हेच्या बिशपांची घोषणा ११ फेब्रुवारी २०१८ रोजी झाली.

संशयाची ही सवय मुळापासूनची आहे. ११ फेब्रुवारी १८५८ रोजी चौदा वर्षांची बर्नाडेट सुबिरू लाकूडफाटा वेचायला गेली आणि मासाबिएलच्या गुहेत तिला एक स्त्री दिसली. तिथले धर्मगुरू पेरामाल यांनी तिला घरातून जवळजवळ हाकलूनच दिलं. त्या बाईला नाव विचारून ये, म्हणाले, आणि गुहेतल्या रानगुलाबाला ऐन थंडीत फुलं आणून दाखवायला सांग. फुलं आली नाहीत. नाव आलं ते २५ मार्चला: निष्कलंक गर्भसंभव. मरियेबद्दलच्या या धर्मसिद्धान्ताची घोषणा पोप नववे पायस यांनी चारच वर्षांपूर्वी केली होती, आणि धड लिहितावाचता न येणाऱ्या मुलीने हे शब्द रस्ताभर घोकत आणले, म्हणून पेरामाल हादरले. पुस्तकांतून फारसं येत नाही ते पुढचं: त्या उन्हाळ्यात लूर्दमध्ये दर्शनं होणाऱ्यांची साथच आली होती. कुणाला गुहेत, कुणाला भलतीकडेच काहीबाही दिसू लागलं. बिशप लोरान्स यांनी आयोग नेमला, तो साडेतीन वर्षं चालला, आणि १८६२ मध्ये मान्यता मिळाली ती एकट्या बर्नाडेटला. खुद्द ती मात्र, आपलं काम सांगण्याचं, पटवून देण्याचं नव्हे, या अर्थाचं बोलत असे. दमा तिला जन्मभर पुरला. ३५ व्या वर्षी नेव्हेरच्या मठात ती वारली.

१८९२ मध्ये एमिल झोला कादंबरीच्या तयारीसाठी इथे आला. तो नास्तिक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरीही कार्यालयाचे प्रमुख डॉ. ब्वासारी यांनी त्याला खुर्ची दिली, रुग्ण दाखवले. क्षयातून बरी झालेली एक बाई त्याने डोळ्यांनी पाहिली. कादंबरीत मात्र तिचं दुखणं उलटतं. प्रत्यक्षात ती ठणठणीत जगत होती. ब्वासारींनी याबद्दल त्याला जाब विचारला, पण कार्यालयाचं दार पुढच्या संशयी पाहुण्यांसाठी बंद केलं नाही.

आपल्याकडचा अनुभव आठवून मला इथे थोडं ओशाळायला होतं. २०१२ मध्ये विलेपार्ल्याला, इर्ल्याच्या वेलंकनी माउलीच्या चर्चमध्ये क्रूसाच्या पायांतून पाणी ठिबकू लागलं. लोक ते बाटल्यांत भरू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडमारुकू यांनी येऊन पाहिलं, आणि जवळच्या सांडपाण्याची ओल भिंतीतून वर चढते आहे असं दाखवून दिलं. लूर्दच्या कार्यालयात हा माणूस पहिल्या रांगेत बसवला असता. आपल्याकडे त्यांच्यावर धर्मभावना दुखावल्याच्या तक्रारी झाल्या, आणि ते फिनलंडला गेले. तक्रारी करणारे आपलेच लोक होते. श्रद्धेला एका प्लंबरची एवढी भीती का वाटावी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

आणि चर्चची शिकवण काय? मरियेचं दर्शन, अगदी मान्यता मिळालेलंही, ही खाजगी बाब. लूर्दवर विश्वास न ठेवताही माणूस पक्का कॅथलिक असू शकतो. मे २०२४ मध्ये रोमने नवे नियम आणले तेव्हा पाऊल आणखी मागे घेतलं. बिशपांनी यापुढे एखादी घटना दैवी असल्याचं सहसा जाहीरच करायचं नाही. सर्वांत अनुकूल निकाल म्हणजे ‘निहिल ओब्स्टॅट’, हरकत नाही. बोस्नियातल्या मेजुगोरियेला १९८१ पासून दर्शनाचे दावे चालू आहेत, आणि तिथल्या बिशपांनी बराच काळ त्यांना दाद दिली नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथल्या भक्तीला हरकत नसल्याचं पत्र निघालं. दर्शनं खरी की खोटी, यावर रोमने शिक्का मारला नाही.

आमच्या गटातल्या मावशींना हे सांगितलं, तर त्या नळाखाली पाचवी बाटली धरून उभ्या. मरियेच्या आकाराची प्लॅस्टिकची बाटली, निळ्या मुकुटाचं झाकण. गुडघा हलका झालाय म्हणाल्या. मी सवयीने विचारलं, ‘आधीचा एक्स-रे आहे का?’

‘डॉक्टर, तुम्ही ती पिशवी धरा बघू.’

फाइल मोडीत काढत नाहीत, ही त्या कार्यालयाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. लिव्हरपूलचा जॉन ट्रेनर पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला गोळ्या लागून जायबंदी झाला होता. उजवा हात लुळा, फिट्स येत, चालता येत नव्हतं. जुलै १९२३ मध्ये तो लूर्दला आला आणि बरा होऊन गेला. पुढे कोळशाची वाहतूक करू लागला, स्वतः पोती उचलायचा. डॉक्टरांचा अहवाल १९२६ मध्येच तयार झाला, पण पुढे कुणी हललं नाही. शंभर वर्षं भरत आली तेव्हा एका डॉक्टरने जुने कागद पुन्हा उघडले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये लिव्हरपूलच्या आर्चबिशपांनी तो ७१ वा चमत्कार म्हणून जाहीर केला. ब्रिटिश सरकारच्या दप्तरी मात्र ट्रेनर कायमचा अपंग होता. पोती उचलणाऱ्या या माणसाचं अपंगत्वाचं पेन्शन १९४३ मध्ये तो वारला तोवर चालूच राहिलं.